कार्डावर ‘सहकुटुंब’ लिहिलेलं नसतं

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक गृहस्थ पेढे घेऊन आले. मुलाला अमेरिकेचं ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायमचं राहायचा परवाना, मिळालं होतं. बारा वर्षं ताटकळत ठेवून मिळालं होतं, त्यामुळे पेढे थेट साताऱ्याचे आणि चांगले किलोभर. माझ्या हातावर एक ठेवत म्हणाले, “चला, पोरगा आता जगात कुठंही जायला मोकळा. व्हिसाची कटकट संपली!” तोंडात पेढा होता म्हणून मी लगेच काही बोलले नाही. पेढा संपल्यावर बोलले. तेच आज तुमच्याशी बोलणार आहे.

ठाण्यात माझं तिकिटांचं आणि व्हिसाच्या कागदपत्रांचं छोटं ऑफिस आहे. सत्तावीस वर्षं लोकांचे पासपोर्ट चाळण्यात गेली. पूर्वी माझ्याकडे येणारा माणूस एक तर भारतात राहणारा असायचा, नाही तर परदेशी नागरिक होऊन पाहुण्यासारखा आलेला असायचा. आता मधले लोक फार वाढलेत. पासपोर्ट आपला निळा, अशोकस्तंभाचा, आणि राहणं कायमचं न्यू जर्सीत, मेलबर्नला, म्युनिकला किंवा टोरांटोत. ‘पीआर झालं’, म्हणजे कायमचं राहायची परवानगी मिळाली, असं आपण म्हणतो ना, ते हे. भारताचा कायदा एका वेळी दोन देशांचं नागरिकत्व ठेवू देत नाही. त्यामुळे आईवडील इथे, घर इथे, सातबाऱ्यावर नाव इथे, अशी माणसं नागरिकत्व न बदलता वर्षानुवर्षं पीआरवर राहतात. त्यांच्या खिशात दोन कागद असतात. पासपोर्ट सांगतो हा कुणाचा माणूस, आणि पीआरचं कार्ड सांगतं हा परत कुठे जाणार.

हे दुसरं उत्तरच तिसऱ्या देशाला हवं असतं. व्हिसा मागतात तो मुख्यतः एका धास्तीपोटी: आलेला पाहुणा मुक्काम तर ठोकणार नाही ना? ज्याच्या कमरेला दुसऱ्या घराची किल्ली लटकते आहे, तो सहसा ठोकत नाही. शिवाय त्या दुसऱ्या घराच्या मालकाने या माणसाची उलटतपासणी आधीच केलेली असते. म्हणून काही देश म्हणतात, ये बाबा, व्हिसा नको. पण कार्ड देणारा देश वेगळा आणि सवलत देणारा देश वेगळा, हे लोक विसरतात. ग्रीन कार्ड अमेरिका देते. ते पाहून दार उघडायचं की नाही, हे कॅनडा ठरवतो, मेक्सिको ठरवतो, फ्रान्स ठरवतो. आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

अमेरिकेपासूनच सुरुवात करते, कारण पेढे तिथलेच होते. भारतीय पासपोर्ट आणि चालू ग्रीन कार्ड एवढ्यावर कॅनडात जाता येतं. व्हिसा नाही, आणि एप्रिल २०२२ पासून विमानाने जायलाही ती ऑनलाइन परवानगी, ईटीए, लागत नाही. मेक्सिकोतही व्हिसा नको. तिथे तर नुसत्या अमेरिकेच्याच नाही, कॅनडा, ब्रिटन, जपान आणि युरोपातल्या शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या, कायम रहिवाशांनाही सोडतात. दुबईला उतरलात तर विमानतळावरच चौदा दिवसांचा व्हिसा मिळतो, पैसे भरून. मुंबईला येता-जाता दोन दिवस मामाकडे शारजाला थांबणाऱ्यांची त्यामुळे सोय झाली. अमिरातीने २०२५ मध्ये ही यादी वाढवून त्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, सिंगापूर, जपान आणि दक्षिण कोरियाचे रहिवासीही घेतले. लंडनला विमान बदलायचं असेल तर एरवी भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो, ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही. ही सवलत फारशी कुणाच्या तोंडी नसते, पण प्रवासात सगळ्यांत जास्त वेळा हीच कामाला येते.

आता गंमत बघा. यातल्या मेक्सिकोला आणि दुबईला अमेरिकेचा चालू व्हिसाही पुरतो, ग्रीन कार्डच हवं असं नाही. म्हणजे एच-वन-बीवाला, नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचा मुलगाही शिक्का चालू असेल तर मेक्सिकोतल्या कॅन्कूनला जाऊन येतो. तोच मुलगा नायगाराचा पूल ओलांडून कॅनडात मात्र व्हिसाशिवाय जाऊ शकत नाही. ग्रीन कार्डाचा खरा फरक तिथे कळतो.

आणि पॅरिस? ग्रीन कार्ड दाखवून पॅरिसला जाता येत नाही. शेंगेन व्हिसा काढावाच लागतो. नव्वद युरो फी, बँकेचे कागद, हॉटेलचं बुकिंग, विमा, सगळं आलं. लंडनमध्ये कायमचं राहणाऱ्या आपल्या माणसाचीही तीच गत. घरापासून अडीच तासांत रेल्वेने पॅरिस, आणि व्हिसासाठी अपॉइंटमेंटची वाट बघायची. पेढेवाल्या गृहस्थांचा चेहरा इथे जरा पडला.

याच्या उलट म्युनिकमधला मुलगा. जर्मनीचं रहिवासी कार्ड असलं की एकोणतीस शेंगेन देशांत त्याला फिरता येतं. जर्मनी सोडून इतर देशांत मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. पण यासाठी पीआर लागतच नाही! ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्यांना मिळणाऱ्या तिथल्या नोकरीच्या परवान्यावर गेलेला, जर्मन अजून नीट न येणारा पोरगाही तेवढाच फिरतो. युरोपात फिरण्यापुरतं बोलायचं तर पीआरने त्याला काही जास्त दिलं नाही. त्याचे फायदे दुसरे आहेत, नोकरी बदलायचे, राहण्याच्या खात्रीचे.

आयर्लंड मात्र शेंगेनमध्ये नाही. ब्रिटनमध्ये कायमच्या राहणाऱ्या भारतीयालाही डब्लिनला जायला आयर्लंडचा व्हिसा लागतो. तो उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टला निर्धास्त जातो, कारण ते ब्रिटनमध्येच. तिथून डब्लिनची बस मिळते, वाटेत नेहमीसारखी पासपोर्टची खिडकी नाही, आणि माणसाला वाटतं, इतकं जवळ आहे तर येऊ जाऊन. जाऊ नका. खिडकी नाही म्हणजे कायदा नाही असं नव्हे, आणि अशी एक चूक पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात आडवी येते.

सगळ्यांत उदार सवलत कुणाची, असं मला विचाराल तर मी न्यूझीलंडचं नाव घेईन. ऑस्ट्रेलियाचा पीआर असलेला भारतीय तिथे व्हिसाशिवाय जातो, आणि नुसता हिंडायला नाही. उतरल्यावर त्याला रहिवाशाचाच व्हिसा देतात. तो तिथे राहू शकतो, नोकरी करू शकतो. दोन्ही देशांमधल्या १९७३ च्या समजुतीतून आलेला हा प्रकार आहे. पण उलट्या बाजूने नाही हं! न्यूझीलंडचा पीआर असलेल्या भारतीयाला सिडनीला जायचं तर ऑस्ट्रेलियाचा व्हिसा काढावा लागतो. एका घरून ताट आलं म्हणून दुसऱ्या घरून वाटी यायलाच हवी, असा देशादेशांत रिवाज नाही.

या सवलतीने एकदा माझी झोप उडवली होती. मेलबर्नचं एक जोडपं, मूळचे आमच्या डोंबिवलीचे ग्राहक. नवरा-बायको दोघांचा पीआर, मुलगी तिथेच जन्मलेली म्हणून ऑस्ट्रेलियाची नागरिक. नाताळच्या सुट्टीत ऑकलंडला निघाले. आमच्या पहाटे साडेतीनला फोन वाजला. “ताई, काउंटरवरची बाई म्हणते माझ्याकडे ऑस्ट्रेलियाचा व्हिसाच नाही!” मी खडबडून उठले. ऑस्ट्रेलियाचा पीआर म्हणजे हातात धरायचं कार्ड नसतं. तो त्यांच्या संगणकात तुमच्या पासपोर्टच्या नंबरला बांधलेला असतो. या गृहस्थांनी तीन महिन्यांपूर्वी पासपोर्ट नवा करून घेतला होता. नंबर बदलला, तो सरकारी खात्यात कळवायचा राहिला. त्या बाईच्या पडद्यावर हा माणूस कोराच. शिवाय न्यूझीलंडला जाण्याआधी पीआरवाल्यांना एक ऑनलाइन नोंद करावी लागते, २०१९ पासून. तीही याने जुन्या नंबरावर केलेली. बायको आणि मुलगी त्या विमानाने गेल्या. हे महाशय सगळे नंबर सरळ करून दोन दिवसांनी पोचले. दोष कुणाचा? अर्धा माझाच. तिकीट मीच काढलं होतं, आणि नवा पासपोर्ट नंबर मीच तिकिटावर टाकला होता. तेव्हाच विचारायला हवं होतं.

काउंटरवरच्या त्या बाईबद्दलही सांगते. आपल्याला वाटतं की सीमेवरचा अधिकारी आपल्याला अडवतो किंवा सोडतो. त्याच्या कितीतरी आधी, आपल्याच विमानतळावर, बोर्डिंग पास देणारी मुलगी ते ठरवते. तिच्यासमोर ‘टायमॅटिक’ नावाची यादी उघडी असते. कुठला पासपोर्ट, कुठलं कार्ड, कुठला देश, सगळं त्यात. चुकीचा माणूस नेला तर विमान कंपनीला दंड बसतो आणि त्याला परत आणायचा खर्चही. त्यामुळे ती मुलगी शंका आली की ‘नाही’ म्हणते, आणि तिच्याशी वाद घालून विमानात बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मोबाइलमधला कार्डाचा फोटो तिला चालत नाही. मुदत संपलेल्या ग्रीन कार्डासोबत मिळणारं मुदतवाढीचं पत्र अमेरिकेत परत जायला चालतं, पण तिसऱ्या देशाच्या माणसाला ते पत्र ओळखीचं असेलच असं नाही. आणि ब्रिटनने तर रहिवाशांची प्लास्टिकची कार्डंच २०२४ अखेर बंद करून सगळं ऑनलाइन केलं. तिथल्या लोकांना आता कार्डाऐवजी आपला दर्जा ऑनलाइन दाखवून द्यावा लागतो. कार्ड जागच्या जागी काढून दाखवण्यातला सोपेपणा गेला.

सवलती जातातही. मी या धंद्यात नवी होते तेव्हा टोरांटोचे आपले लोक मजेत सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या बफेलोला जाऊन यायचे. कॅनडाचा कायमचा रहिवासी आणि राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक असला, की अमेरिका त्याला व्हिसा विचारत नसे. भारत राष्ट्रकुलात, म्हणजे आपणही त्यात आलो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर वारं फिरलं आणि २००३ मध्ये ही सवलत बंद झाली. आज कॅनडाचा पीआर असलेल्या भारतीयाला अमेरिकेचा व्हिसा लागतो, त्याच्या भावाला ग्रीन कार्डावर कॅनडात जायला काही लागत नाही. पूल तोच, नदी तीच.

आणि हे सगळं परत येता आलं तर. फिरण्याच्या नादात घराचीच किल्ली हरवायची नाही. अमेरिकेबाहेर सलग वर्षभराच्या वर राहिलात, आधी रीएंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, घेतलं नसेल, तर नुसत्या ग्रीन कार्डावर परत जाता येत नाही. जर्मनीचा कायमचा परवाना सहसा सहा महिने बाहेर राहिलं की जातो. ब्रिटनचा दोन वर्षांनी. कॅनडात पाच वर्षांपैकी ७३० दिवस तिथे राहावं लागतं, शिवाय विमानात बसायला पीआर कार्ड हातात लागतं. वडील आजारी म्हणून पुण्यात येऊन राहिलेली मुलं या हिशोबात अडकतात. अशांचा फोन आला की मी तिकिटाचं नंतर बघते, आधी तारखा मोजायला घेते.

आता शीर्षकाबद्दल. आपल्या लग्नपत्रिकेवर कसं ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेलं असतं, तसं या कार्डावर छापलेलं नसतं. ज्याचं कार्ड त्याची सवलत. ही गोष्ट मी ग्राहकांना सत्तावीस वर्षं सांगत आले, आणि दिव्याखाली अंधार म्हणतात तसं माझंच झालं.

दोन वर्षांपूर्वी मी आणि आमचे हे लेकीकडे गेलो होतो. लेक-जावई ग्रीन कार्डावर, नात अमेरिकन, आम्ही दोघं व्हिजिटर व्हिसावर. नायगारा बघायचा ठरला. मोठा, घोड्याच्या नालेसारखा धबधबा कॅनडाच्या बाजूने नीट दिसतो, हे सगळ्यांना माहीत. लेक सहा महिने सांगत होती, “आई, कॅनडाचा व्हिसा टाकून ठेव.” लोकांचे अर्ज भरता भरता आमचा टाकायला उशीर झाला, आणि निघायच्या दिवसापर्यंत तो काही आला नाही. जावई म्हणाले, आपण सगळेच इकडच्या बाजूने बघू. मी म्हटलं, अजिबात नाही. तुम्ही पोरीला घेऊन जा, आम्ही इथे थांबतो.

ते तिघं ‘रेनबो ब्रिज’ नावाच्या पुलावरून चालत पलीकडे गेले. आम्ही अलीकडून बोटीत बसलो. या बाजूच्या बोटीत निळे रेनकोट देतात, पलीकडच्या बोटीत लाल. धबधब्याच्या पायथ्याशी, तुषारांत, दोन्ही बोटी दिसतात. फोन वाजला. नात ओरडत होती, “आज्जी, मी लाल! मी लाल! तू दिसतेस का?” समोरच्या बोटीत दोन-चारशे माणसं, सगळीच लाल. मी जोरजोरात हात हलवला. तिकडून सगळ्या लाल बोटीनेच हात हलवला असावा.

आमचे हे चष्म्याच्या काचा पुसत शेजारी उभे होते. म्हणाले, “तो अर्ज तू कुठल्या एजंटकडे दिला होतास?”