पाणी पोहोचतं, पण किरणोत्सारी पदार्थ पोहोचतोच असं नाही

नमस्कार मंडळी! आज दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेत आलोय.

(कॅमेरा विहिरीत)

हे थर बघा. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे मऊसर खडक, आणि तळाला काळा पाषाण. आता समजा, वर किरणोत्सारी काही सांडलं. ते खालच्या पाण्यात कधी उतरेल? पदार्थ कोणता, ते आधी सांगा!

ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं जड रूप, पाण्याच्या रेणूतच जाऊन बसतं. त्यामुळे ते पाण्याच्याच वेगाने निघतं, माती त्याला अडवत नाही. त्यातल्या त्यात बरं म्हणजे साधारण 12 वर्षांत ते निम्मं होतं.

सीझियम-137 चं अगदी उलट. चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार, सीझियमवर धन. काही पापुद्र्यांच्या कडांना ते असं रुतून बसतं की सहजी सुटत नाही. जपानमधल्या फुकुशिमात 2011 च्या अणुभट्टी अपघातानंतर बरंचसं सीझियम मातीच्या वरच्या काही सेंटीमीटरमध्येच राहिलं. भाताने ते शोषू नये म्हणून तिथे शेतात पोटॅश टाकलं, कारण मुळांना पोटॅशियम आणि सीझियम जवळपास सारखंच वाटतं. बागायतदारांना पोटॅश काही नवीन नाही!

युरेनियम मात्र लहरी. पाण्यात ऑक्सिजन आणि कार्बोनेट असेल तर विरघळून चालू लागतं. ऑक्सिजन नसलेल्या थरात शिरलं की साका होऊन तिथेच थांबतं.

प्लुटोनियम खडकाला चिकटतं, फार लांब जात नाही, असा समज होता. अमेरिकेतल्या नेवाडात 1968 मध्ये जमिनीखाली एक अणुचाचणी झाली. त्यातलं प्लुटोनियम पुढे 1.3 किलोमीटरवरच्या भूजलात सापडलं. ते चिकटलं होतं खरं, पण पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना. चालत्या एसटीला लटकून जावं, तसं.

म्हणून मला काळ्या मातीपेक्षा पाषाणातल्या भेगांची जास्त धास्ती वाटते. तिथे पाणी सरळ फटीतून पळतं, धरून ठेवायला चिकणमाती कमीच.

आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे या काळ्या पाषाणात, मुळात युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी असतं. तरी बोअरचं पाणी तपासायला देताना युरेनियमची तपासणी वेगळी मागा, नेहमीच्या चाचणीत ती बहुधा नसते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला 30 मायक्रोग्रॅम. आणि हो, पाणी उकळून युरेनियम जात नाही, उलट वाफ गेली की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच.