शिवेवरची बाटली

खानापूरहून बेळगावला येताना एका गोठ्याच्या भिंतीवर पिवळ्या ऑइलपेंटनं हे लिहिलंय बघा, "दारू सोडवा, पिणाऱ्याला न सांगता". खाली मोबाईल नंबर आहे, तो आपण ब्लर केलाय. असल्या भिंती तुम्हाला निपाणीकडं, चिकोडीकडं, हुक्केरीकडं कुठंही दिसतील, कुठं मराठीत कुठं कन्नडमध्ये, मजकूर तोच. फोन केला की पुडी मिळते, चहातून नायतर आमटीतून द्यायची, एकवीस दिवस.

माझ्या मामीनं पण आणलेली. पुडीत काय होतं ते विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. आता दारूच्या विरोधात काम करणारी डायसल्फिराम नावाची गोळी खरंच आहे, डॉक्टर देतात, पण पिणाऱ्याला बसवून, सगळं समजावून देतात. कारण ती पोटात असताना वरून दारू गेली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या सुरू होतात, बीपी खाली येतं, माणूस जाऊ पण शकतो. चहातून चोरून द्यायची ती वस्तूच नव्हे. मामाला त्या पुडीनं काहीच झालं नाही, त्याअर्थी ती बहुतेक हळद आणि कसलातरी पाला असावा, नशीब म्हणायचं.

पण भिंतीवरचा तो नंबर चालतोय म्हणजे फोन येतायत. म्हणजे घराघरात कुणीतरी आहे ज्याला हे थांबवायचंय आणि कुठं जायचं ते कळत नाही. आणि इथं दारू कुठं मिळते हे विचारायची तर कधी पाळीच येत नाही.

आमच्या भागाचा नकाशा जरा डोळ्यासमोर आणा. बेळगावातून वेंगुर्ले रोडनं निघालात की अर्ध्या पाऊण तासात शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र, चंदगड तालुका. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलात की गोवा. हायवेनं वर गेलात की निपाणी आणि पुढं कोगनोळीचा नाका, पलीकडं कागल. तीन राज्यं, तीन एक्साइज, तीन रेट. गोव्यात टॅक्स कमी म्हणून बाटली स्वस्त, महाराष्ट्रात देशी अजून सरकारमान्य आहे म्हणून संत्रा मिळतो, आणि आमच्याकडं नव्वद एमएलचा टेट्रा पॅक. मामाचंच वाक्य आहे, पितानाचं, "रोजला नाइंटी, पाव्हण्याकडं गेलं की संत्रा, आन् लग्नाला गोवा." हसलो होतो आम्ही सगळे तेव्हा.

कणकुंबीच्या चेकपोस्टवर आणि तिकडं अनमोड घाटाच्या बाजूला गोव्याची दारू पकडल्याची बातमी आठवड्याआड पेपरात असतेच. कधी टेम्पोला चोरकप्पा, कधी भाजीच्या क्रेटखाली बॉक्स. फोटो ठरलेला, बाटल्या रांगेत मांडलेल्या, मागं साहेब उभे. त्यातला बराच माल बेळगावात थांबत पण नाही, पुढं महाराष्ट्रात जातो, आम्ही नुसता रस्ता.

आणि हे आजचं नव्हे बरं का. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता आणि मुंबई राज्यात 1949 च्या कायद्यानं दारूबंदी होती. म्हणजे आमचं बेळगाव तेव्हा कोरडं. आणि घाटाखाली गोव्यात पोर्तुगीज, डिसेंबर 1961 पर्यंत, तिथं बंदी नाही काही नाही. मग काय होणार? आजोबा सांगायचे, गोव्याच्या हद्दीजवळच्या कॅसलरॉक स्टेशनात रेल्वे थांबली की कस्टमवाले गाठोडी, ट्रंका, अंथरुणं सगळं उचकायचे, आणि तरीपण बाटली लोंढ्याला पोचायची. बंदी केली सरकारनं, पोट भरलं बाटल्या वाहणाऱ्यांनी, प्याले ते प्यालेच. राज्य बदललं, कायदा बदलला, बंदी गेली, घाट मात्र तिथंच आहे की.

आता सारायीचं, म्हणजे कर्नाटकातल्या देशी दारूचं. वीस पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांचं बालपण आमच्या खेड्यात गेलं त्यांना ती प्लास्टिकची पाकिटं आठवत असतील. कोपरा दातानं फोडायचा, तोंडात पिळायचं, पाकीट तिथंच टाकायचं, गटारी भरलेल्या असायच्या त्यानं. कर्नाटक सरकारनं 1 जुलै 2007 पासून सारायी बंद केली, राज्यभर, एका दिवसात. बायकांना खूप बरं वाटलं तेव्हा. पण पिणारा त्या दिवशी बंद झाला नाही ना, तो दोन दिवस चुळबुळला आणि दुसऱ्या काउंटरला गेला. काहीजण हातभट्टीकडं वळले, काळा गूळ नवसागर घालून सडवलेली ती, आणि वर्षभरातच मे 2008 मध्ये तिकडं बेंगळूर, कोलार आणि तमिळनाडूच्या सीमेवर विषारी दारूनं दीडशेच्या आसपास माणसं मेली. बाकीचे सगळे हळूहळू स्वस्तातल्या व्हिस्कीवर आले. खेड्यात तिला अजून "फॉरेन" म्हणतात, फॉरेनचं तिच्यात काय आहे देव जाणे, मळीपासून केलेलं स्पिरिट आणि रंग. मळी आमच्याच कारखान्यांची पण असेल, बेळगाव जिल्हा उसात कर्नाटकात पुढं आहेच.

म्हणून दारूचा ट्रेंड विचाराल तर आमच्याकडं तो असा आहे, पाकीट गेलं आणि नाइंटीचा टेट्रा आला. आकारपण जवळपास तोच, खिशात बसणारा, सकाळी कामावर जाताना बसस्टँडच्या मागं उभ्या उभ्या संपणारा. लायसनचं दुकान गावात नसलं तरी पानपट्टीत, किराण्यात, कुणाच्या तरी परड्यात दहावीस रुपये जास्त देऊन मिळतो.

मोठे आकडे पण सांगतो, थोडेच. 2019 ते 21 चा केंद्राचा जो फॅमिली हेल्थ सर्व्हे झाला, एनएफएचएस पाच, त्यात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणारे गोव्यात शंभरात जवळपास 37, कर्नाटकात साडेसोळा, महाराष्ट्रात चौदाच्या आत. आपण तिघांच्या मधे बसलोय. आता घरी आलेल्या सर्व्हेवाल्या मॅडमला आमचा माणूस "होय, पितो" असं किती खरं सांगेल ते तुम्हीच ठरवा. बायकांचा आकडा कर्नाटकात एक टक्कासुद्धा नाही. पण त्याच सर्व्हेत तंबाखूचा कॉलम बघा, बायका साडेआठ टक्के, पुरुष सत्तावीस. आमच्या आजीची मिश्री त्यातच आली. पहाटे चुलीवर तवा, त्यावर तंबाखू करपेपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची, आणि मग परसात बसून अर्धा तास दात घासणं चालायचं. तिला कुणी व्यसनी म्हटलं असतं तर तिनं तोच तवा फेकून मारला असता. निपाणी इथनं तासाभरावर, तंबाखूवर उभं राहिलेलं गाव, 1981 ला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी हायवेवर बसले आणि गोळीबारात बारा जण गेले. त्या पिकाला आम्ही भाव मागितला, रक्त सांडलं, त्याला नशा म्हणायला जीभ वळत नाही आमची.

गांजाचं वेगळं आहे. तो पूर्वी मठात, जत्रेत, चिलमीत होता, म्हाताऱ्यांचा. आता कॉलेजच्या पोरांकडं आलाय आणि त्याला "माल" म्हणतात. उसाच्या, हळदीच्या पिकात मधी चार झाडं लावलेली सापडली असल्या बातम्या येत असतात, उसात माणूस दिसत नाही तिथं झाड काय दिसणार. त्याच्या खालच्या वयाची पोरं पंक्चरचं सोल्युशन आणि व्हाइटनर रुमालात घेऊन हुंगतात, हे मी गल्लीत बघितलंय, पोराच्या नाकाखाली पुरळ आलेलं असतं आणि आईला वाटतं उष्णता झाली. खोकल्याचं औषध, पेनकिलरच्या गोळ्या, हे पण वाढतंय असं मेडिकलवाले स्वतः बोलतात, कॅमेरा बंद केल्यावर. पालक पोलिसांच्या भीतीनं गप्प बसतात, म्हणून एक सांगून ठेवतो, एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातच 64 ए कलम आहे, थोडक्या मालात सापडलेला पोरगा स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावर खटला चालत नाही, उपचार मात्र पूर्ण करायला लागतात. वकिलाला विचारा.

तर मामा.

2020 चा लॉकडाऊन, 25 मार्चपासून सगळं बंद. मामा पंधरा वीस वर्षं रोज पिणारा, एकदम शून्यावर. पहिल्या दिवशी चिडचिड, दुसऱ्या दिवशी हाताला अशी थरथर की चहाची बशी धरवेना, सगळा चहा लेंग्यावर. तिसऱ्या रात्री उठून भिंत पुसायला लागला, म्हणाला मुंग्या आल्यात, बघ की गं, केवढ्या मुंग्या. भिंतीवर काही नव्हतं. मामीला वाटलं कुणीतरी काहीतरी केलं, लिंबू उतरवलं तिनं. खरंतर ही दारू अचानक तुटल्यावरची अवस्था, झटके पण येतात, दवाखान्यात न्यायची वेळ असते ती. जो रोज भरपूर पितो त्यानं "उद्यापासून बंद" म्हणून घरात कोंडून घेणं धोक्याचं असतं, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं, आम्ही तर कौतुक करत होतो, बघा लॉकडाऊननं सुटली.

मग 4 मे ला कर्नाटकात दुकानं उघडली. रांगा आठवतायत ना, चुन्याचे गोल आखलेले? राज्यात पहिल्या दिवशी 45 कोटींची विक्री, दुसऱ्या दिवशी 197 कोटी. त्यात नव्वद एमएलचा एक टेट्रा आमच्या घरातला.

सरकारला काय म्हणायचं आता. जुलै 2023 मध्ये विदेशी दारूवरचा जादा अबकारी कर वीस टक्क्यांनी वाढवला आणि त्या वर्षाचं एक्साइजचं टार्गेट 36,000 कोटी ठेवलं. त्याच वर्षी जूनमध्ये बायकांना बस फ्री झाली, ऑगस्टमध्ये गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार सुरू झाले. मामीचे दोन हजार येतात, चांगली गोष्ट आहे, नावं ठेवणार नाही मी. पण मामाची रोजची एक क्वार्टर धरून महिन्याचा हिशेब मांडा, कॅल्क्युलेटर लागणार नाही. रेट वाढला म्हणून मामानं पिणं कमी केलं काय? घरात द्यायचं कमी केलं.

महाराष्ट्रात निदान उभी बाटली आडवी बाटली आहे, गावातल्या बायका मतदान करून दुकान बंद करू शकतात. शिनोळीच्या पलीकडल्या बाईला तो हक्क आहे, अलीकडल्या तिच्या सख्ख्या बहिणीला नाही. जानेवारी 2019 मध्ये कर्नाटकातल्या हजारो बायका दारूबंदी मागत चित्रदुर्गपासून बेंगळूरपर्यंत चालत गेल्या, पायाला फोड घेऊन. दुकानं चालूच आहेत.

सोडवणारे आमच्याकडं आधीपासून होते, त्यांना सेंटर म्हणत नव्हते एवढंच. इकडं बागलकोटच्या बाजूला इलकलच्या मठाचे महांत स्वामी गावोगाव जोळगी, म्हणजे झोळी घेऊन फिरायचे, भिक्षेत धान्य नको, तुझं व्यसन घाल म्हणायचे. लोक खरंच बिडीचं बंडल, पाकीट त्यात टाकायचे. 1 ऑगस्ट, त्यांचा जन्मदिवस, आता राज्यात व्यसनमुक्ती दिन असतो. धर्मस्थळवाल्यांची आठवडाभराची शिबिरं होतात. आणि आम्हा मराठी घरांत माळ. वारीला जाऊन तुळशीची माळ घातली की दारू बंद, मटण बंद, गावासमोर बंद. माळेनं सुटलेली माणसं मी मोजून दाखवीन. मामानं पण घातली, दोनदा. दोन्ही वेळेला देवळीत काढून ठेवली आधी, मग बाहेर पडला, माळ घालून नाही प्याला कधी, तेवढं पथ्य पाळलं.

दिल्लीच्या एम्सनं 2019 ला देशाचा जो रिपोर्ट काढला त्यात असं निघालं की दारूवाचून चालतच नाही अशा 38 जणांतल्या एकालाच कुठलीतरी मदत मिळते. शेवटी मामाला कुठं न्यायचं यावर घरात मीटिंग झाली. एक म्हणाला पुण्याला मुक्तांगण, व्यसनमुक्तीचं केंद्र, 1986 पासून आहे, मराठी माणसं आहेत, बोलता येईल. दुसरा म्हणाला धारवाड, दोन तासात पोचतोय. कुणीतरी 14446 ला फोन लावला, तो केंद्राचा व्यसनमुक्तीचा फुकट नंबर आहे, त्यांनी पण जवळचं ठिकाण बघा म्हटलं.

धारवाडला गेलो. डॉक्टर चांगले होते, वेळ दिला. पण मामाचं कन्नड बाजारापुरतं, भाव करायला, बस विचारायला. कधीपासून पिता, का पिता, घरात काय होतं, हे तो मराठीत सांगायला लागला आणि मामी कन्नडमध्ये सांगत गेली, तिचं माहेर संकेश्वरकडचं, तिला छान येतं. मामा म्हणाला, "हिला मारलंय मी लई वेळा, परातीनं पण मारलंय." मामी थांबली. मग डॉक्टरांना कन्नडमध्ये म्हणाली, घरात थोडी भांडणं होतात. मला कन्नड येतं, मी तिथंच बसलो होतो. मी पण काही बोललो नाही.

औषधं सुरू झाली, दर पंधरा दिवसांनी दाखवायला बोलावलंय. पुण्याला नेलं असतं तर मामीला तिकीट पडलं असतं, फुकट बस कर्नाटकातच. म्हणून धारवाडच चालू आहे. पहाटेची बस, मामी खिडकीत आधारकार्ड हातात घेऊन, शेजारी मामा मफलर गुंडाळून, कंडक्टर आला की तिचं शून्याचं तिकीट फाटतं आणि त्याचं पूर्ण. दोन्ही तिकिटं ती ब्लाउजात ठेवते, पैसे पण तीच काढते, मामाच्या हातात रोकड द्यायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय.