कागदावरचं पाणी

(सांगलीत वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय तो असा : ‘एकहाती सत्ता समाजाच्या भल्याची असते का?’ मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. संयोजकांचा फोन आला तेव्हा म्हटलं, अहो, चुकीचा नंबर लागलाय. ते म्हणाले, नाही, संध्याकाळी कट्ट्यावर जे बोलता तेच बोला. तर कट्ट्यावरचंच बोलतो.

ऑगस्ट महिन्यात सांगलीत दोन माणसं भेटली की नमस्काराच्या आधी एक प्रश्न असतो : ‘किती फूट झालं?’ आयर्विन पुलावरची, कृष्णेचं पाणी मोजायची पट्टी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ते तुमच्यापैकी कितीतरी जणांनी घराच्या भिंतीवर मोजलंय. रात्री दोन वाजता सिलिंडर माळ्यावर चढवायचा की नाही, म्हातारीला उचलून नातेवाइकांकडे न्यायचं की नाही, हे सांगलीवाडीतला माणूस त्या एका आकड्यावरून ठरवतो. मी आज जे काही सांगणार आहे ते या पट्टीच्या आसपासच फिरणार आहे.

आधी माझी स्वतःची लबाडी सांगतो. एका तलावावर मी शाखा अभियंता होतो. नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून हयात आहेत. पाऊस बरा झाला होता, पण तलाव भरायला दोन-अडीच फूट बाकी होतं आणि जलपूजनाची तारीख ठरून गेली होती. मोठे पाहुणे येणार. पूजन करायचं तर तलाव भरलेला पाहिजे. वरून लेखी काही आलं नाही. असल्या गोष्टी लेखी येत नसतात. आमच्या साहेबांनी फक्त विचारलं, ‘रजिस्टरला काय दाखवताय?’ मी तलाव पूर्ण भरल्याचं दाखवलं. सही माझीच. पाहुणे आले, ओटी भरली, नारळ फुटले. तलाव भरला की ज्यावरून पाणी वाहतं तो सांडवा कोरडा होता, पण तिकडे बघायला वेळ कुणाला होता? पुढच्या उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्यांचं नियोजन झालं ते त्या रजिस्टरवरून. तीन पाळ्या मंजूर झाल्या आणि तिसरी टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावांना, पोचलीच नाही. दोन गावांचा ऊस उभ्याउभ्या वाळला. कागदावरचं पाणी कालव्यात सुटत नाही, हे शिकायला मला दोन गावांचा ऊस खर्चावा लागला. त्या तलावावर एक चौकीदार होता आणि त्याच्याकडे एक वही होती. तिच्याकडे शेवटी येतो.

आता विषय. चहाच्या गाड्यावर तुम्ही-आम्ही रोज ऐकतो, ‘एक खमक्या माणूस पाहिजे, सगळ्यांना सरळ करणारा.’ मी याला हसत नाही. एका गटारासाठी चार वर्षं फाईल फिरताना बघितलेल्या माणसानं असं म्हटलं तर त्यात नवल काय? अमेरिकेतल्या प्यू संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत, संसद आणि कोर्टाची आडकाठी नसलेला खंबीर नेता चांगला, असं म्हणणारे भारतीय ६७ टक्के निघाले. २०१७ मध्ये तेच ५५ होते. म्हणजे या सभागृहातही बहुमत माझ्या विरोधात असणार.

आणि त्यांच्या बाजूनं पुरावा आपल्याच मातीत आहे. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्या वेळच्या प्रतिष्ठितांची एखादी निवडलेली सभा असती, तर तिनं तो ठराव मंजूर केला असता? माझ्या मते नसता. एका माणसाच्या हातात हुकूम होता म्हणून ते झालं. १९१० मध्ये औंधच्या राजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली. समिती नाही, निविदा नाही. त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. हे नाकारून बोलणारा माणूस खोटं बोलतो.

मात्र हिशेब पुरा करू. इंग्रज गेले तेव्हा देशात साडेपाचशेच्या वर संस्थानं होती. कोल्हापूर, बडोदा, म्हैसूर, त्रावणकोर, औंध... बोटं मोडून सांगा, अजून किती चांगली नावं आठवतात? दहा? बाकीच्या राजांच्या हातातही तोच हुकूम होता. त्यांनी काय केलं? शिकारी केल्या, मोटारी घेतल्या, कुत्र्यांची लग्नं लावली. जगाचंही तेच. सिंगापूरच्या ली क्वान यू यांचं नाव पोराटोरांना माहीत असतं. १९५९ ते १९९० पंतप्रधान, कर्तबगार माणूस, वादच नाही. आफ्रिकेतल्या झैरच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, मोबुतूंनी १९६५ ते १९९७ अशी जवळपास तेवढीच वर्षं सत्ता भोगली आणि सोन्यासारखा देश भिकेला लावला. त्यांचं नाव कट्ट्यावर कुणी काढत नाही. लॉटरी लागलेल्याचा फोटो पेपरात येतो, तिकीट फाडून टाकणाऱ्याचा येत नाही, तसंच.

तरी ‘चांगला मिळाला तर?’ हा प्रश्न उरतोच. माझं म्हणणं तिथं सुरू होतं. चांगला मिळाला तरी त्याला पट्टीवरचा खरा आकडा कोण सांगणार?

चीनमध्ये १९५८ साली माओंनी ‘मोठी झेप’ जाहीर केली. शेतं एकत्र करून सामुदायिक शेतीची कम्यून केली, उत्पादनाचे लक्ष्यांक ठरवले. आता तुम्ही कम्यूनचे प्रमुख आहात असं समजा. शेजारच्या कम्यूननं दुप्पट पीक कळवलंय. तुम्ही खरं कळवलंत तर कामचुकार किंवा क्रांतीचे शत्रू ठरता. तुम्ही तिप्पट कळवता. तालुका त्यात भर घालतो, जिल्हा अजून घालतो. पेकिंगला कागदावर धान्याचे डोंगर दिसतात आणि सरकारी वसुली होते ती त्या डोंगरांच्या मापानं. शेतकऱ्याच्या कणगीत जे खरं होतं ते सगळं वसुलीत जातं. माझ्या रजिस्टरचीच गोष्ट, फक्त दोन गावांच्या जागी अख्खा देश.

१९५९ च्या जुलैत लुशानला पक्षाची बैठक भरली. संरक्षणमंत्री पंग देहुआय यांनी आपल्या भागात फिरून परिस्थिती पाहिली होती. त्यांनी माओंना खासगी पत्र लिहिलं, तेही अदबीनं. माओंनी ते पत्र बैठकीतच वाटलं आणि पंग यांचं मंत्रिपद गेलं. त्यानंतर खरं बोलण्याची कुणाची शामत? दुष्काळाचं सगळ्यात वाईट वर्ष त्यानंतरचं, १९६० चं. मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत जातात. आकड्यांत एवढी तफावत पडते यातच सगळं आलं.

याच्या शेजारी आपला १९७२ चा दुष्काळ ठेवा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची वयस्क मंडळी इथं असतील. खडी फोडलीत, पाझर तलाव खणलेत, सुकडी आणि लाल मिलो खाल्लात. हाल झाले, जनावरं गेली. सरकार मात्र मोर्चांना, पेपरांना आणि विधानसभेतल्या आरड्याओरड्याला वैतागलं आणि कामं काढत गेलं. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. चीनसारखी माणसं मेली नाहीत. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्यामागचे वि. स. पागे आपल्याच तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. अमर्त्य सेन यांनी नंतर हे नीट मांडलं : निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रं असलेल्या देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही. टेलच्या शेतकऱ्याला हे सेनांच्या आधीपासून माहीत होतं. बोंब मारल्याशिवाय पाणी येत नाही.

धरणवाला आहे, म्हणून एका धरणाचं सांगतो. हनान प्रांतातलं बानछियाव धरण. चेन शिंग नावाच्या जलतज्ज्ञानं त्याला बारा दरवाजे हवेत असं सांगितलं. बारा म्हणजे फाजील भीती, असं ठरवून पाच बसवले, आणि धरणांच्या हव्यासावर टीका केल्याबद्दल चेन यांना दूर सारलं. १९७५ च्या ऑगस्टमध्ये तुफान पाऊस पडला आणि ८ तारखेच्या पहाटे धरण फुटलं. पुरात सुमारे २६ हजार माणसं गेली, मागून आलेल्या रोगराईनं आणि उपासमारीनं त्याच्या कित्येक पट. हे आकडे अधिकृतपणे खुले व्हायला २००५ साल उजाडलं. ८ ऑगस्ट ही तारीख वाचली की मला २०१९ ची आठवते. त्या दिवशी आपणही पाण्यात होतो. पण पाणी ओसरायच्या आत आपली भांडणं सुरू झाली होती : अलमट्टीमुळे की कोयनेमुळे, विसर्ग उशिरा सोडला की लवकर. पुराची कारणं तपासायला वडनेरे समिती बसली, तिच्या अहवालावरही भांडलो. आमच्या खात्याच्या माणसांना ते फार झोंबायचं. मी तेव्हा निवृत्त होतो, म्हणून मला बरं वाटायचं.

लोकशाहीत धरण फुटत नाही, असं मात्र समजू नका. १९७९ साली गुजरातेत मोरबीला मच्छू धरण फुटलंच, आणि तिथला चौकशी आयोगही अर्ध्यावर गुंडाळला. झाकपाक आपल्यालाही येते. फक्त आपल्याकडे झाकण सगळं बसत नाही.

१९७५ चं साल निघालं म्हणून आणीबाणी. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. ऑफिसात हजेरी दहाच्या ठोक्याला लागायची, हे खरं आहे. आणि नसबंदीचे कोटे मास्तरांपासून ग्रामसेवकांपर्यंत वाटले होते, हेही खरं आहे. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. डिसेंबर १९७५ मध्ये इथून जवळ, कराडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे तेव्हा देशाचे परराष्ट्रमंत्री. दुर्गाबाईंनी भर मांडवात आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सांगितलं. यशवंतरावांचं त्या क्षणी काय झालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. सुसंस्कृत माणूस, मनातून काय वाटलं असेल कोण जाणे. पुढच्या वर्षी बाईंना अटक झाली. पेपर सरकारला विचारून छापले जात होते, त्यामुळे दिल्लीलाही आपल्याच मर्जीचं वाचायला मिळत होतं. १९७७ च्या जानेवारीत इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली ती जिंकायच्या खात्रीनं, असं अनेकांचं मत आहे. मार्चमध्ये त्या स्वतः रायबरेलीत पडल्या. रजिस्टरला तलाव भरलेला होता.

पूर आला की कलेक्टरांच्या हातात सगळे अधिकार येतात, आणि यावेत. बोट कुठं पाठवायची यावर ग्रामसभा घेत बसलात तर माणसं बुडतील. रोमन लोक यात हुशार होते. संकटात ते एकाला सर्वाधिकारी नेमायचे, पण मुदत सहा महिने. सीझरनं इसवी सन पूर्व ४४ मध्ये ते पद आजन्म घेतलं, आणि महिना-दीड महिन्यात त्याचं आजन्म संपलं. आपल्या कलेक्टरांचे पुराचे अधिकार पाणी उतरलं की उतरतात, हे चांगलं आहे.

औंधच्या राजाचं मघाशी अर्धंच सांगितलं. भवानराव पंतप्रतिनिधी, ७२ गावांचे धनी, सूर्यनमस्कारवाले, चित्रकार. सत्तरी गाठल्यावर त्यांनी सत्ता रयतेला देऊन टाकली. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलिश इंजिनिअर, गांधीजींचा सल्ला, आणि १९३९ मध्ये राज्यघटना. गावोगाव निवडून आलेल्या पंचायती कारभार बघू लागल्या. म्हणजे ज्या राजाच्या एका शब्दावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, त्यानंच आपल्या शब्दाचं वजन कमी करून घेतलं. चार-पाच वर्षांत त्याच संस्थानातलं कुंडल प्रतिसरकारचं, म्हणजे बेचाळीसच्या चळवळीतल्या नाना पाटलांच्या समांतर सरकारचं, बळकट ठाणं झालं. गावानं गावाचा न्याय करायचा हे लोकांच्या अंगवळणी पडलं होतं, त्याचा यात वाटा असावा असं मला वाटतं. इतिहासकारांनी मला दुरुस्त करावं. प्रतिसरकारच्या पत्रीखाली, म्हणजे तळपायांवरच्या माराखाली, गेलेला प्रत्येक माणूस गुन्हेगारच होता असंही मी म्हणणार नाही. तिथं अपील नव्हतं. पण नाना पाटलांना पकडलं की सगळं थांबेल, हा इंग्रजांचा हिशेब चुकला. नाना सापडले नाहीत, आणि सापडले असते तरी गावं चालूच राहिली असती.

आता वही. टेलच्या गावांचा मोर्चा ऑफिसवर आला. एक म्हातारा म्हणाला, ‘रजिस्टर दाखवा.’ दाखवलं. तलाव भरलेला. म्हातारा म्हणाला, ‘चौकीदाराला बोलवा.’ चौकीदार सातवी शिकलेला. पिशवीतून त्यानं पोराची जुनी दोनरेघी वही काढली. सहा वर्षांची रोजची पातळी, तारीखवार. जलपूजनाच्या दिवसापुढे दोन फूट चार इंच कमी, आणि कंसात, ‘नारळ १०१’. साहेबांची बदली झाली, माझी एक वेतनवाढ थांबली. चौकीदाराला बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही. मी नंतर त्याला विचारलं, वही साहेबांना आधीच का दाखवली नाहीस? तो म्हणाला, ‘तुम्ही एकटे होता तेव्हा दाखवून काय उपयोग होता, साहेब?’

माझं संपलं. आता प्रश्न घेऊ, पण मागच्या रांगांपासून सुरुवात करा. पुढच्या दोन रांगांत सगळे माझे कट्ट्यावरचे मित्र बसलेत.