बाळगुटीचे दोन वळसे म्हणजे नेमकं किती औषध?

नमस्कार. सांगलीत काष्ठौषधीच्या दुकानात बाळगुटी मागितली की हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड, ज्येष्ठमध अशी पुडी हातात पडते. आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलोय, मग त्यावर संशोधन कशाला, असं बरेच जण विचारतात.

ही सहाण बघा. हिच्यावर जायफळाचे दोन वळसे घेतले. सहाण खरखरीत असेल तर जास्त उतरतं, झिजलेली असेल तर कमी. हाताचा जोरही वेगळा. म्हणजे आजीचे दोन वळसे आणि आईचे दोन वळसे, हे दोन वेगळे डोस झाले. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगीत जातं. म्हणून ट्रायलमध्ये, म्हणजे औषधाच्या शास्त्रीय चाचणीत, सहाण चालत नाही. चूर्ण किंवा अर्क करायचा, त्यातला मुख्य घटक प्रयोगशाळेत मोजायचा आणि बाळाच्या वजनाप्रमाणे मिलिग्रॅम ठरवायचे. शिसं, पारा आणि बुरशीचं विष तपासायचं ते वेगळंच. वेखंडाच्या काही जातींत बीटा-असारोन हे घातक रसायन भरपूर असतं. अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत चालत नाही.

आता दुसरी अडचण. पोटात कळ येऊन रडणारी बाळं तीन-चार महिन्यांची झाली की बहुतेक वेळा आपोआप शांत होतात. त्या काळात काहीही दिलं तरी गुण आला असंच वाटणार! म्हणून तुलनेला दुसरा गट लागतो. २००३ साली रशियात बडीशेपेच्या तेलाचं ०.१ टक्क्याचं मिश्रण अशा बाळांना दिलं. ६२ पैकी ४० जणांची कळ थांबली. नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं पण तसंच दिसणारं मिश्रण, घेतलेल्या ५९ पैकी १४ जणांचीही थांबली. हे १४ मोजले नसते तर सगळं श्रेय बडीशेपेला गेलं असतं.

उलटंही होतं. त्याच वर्षी अमेरिकेत २ ते ११ वर्षांच्या ४०७ मुलांवर सर्दीसाठी इचिनेशिया या वनस्पतीचं औषध तपासलं. सर्दीचे दिवस काही कमी झाले नाहीत, पण अंगावर पुरळ मात्र जास्त उठलं: ७.१ टक्के, प्लासिबोत २.७.

तुमच्या मुलासाठी कुणी ट्रायलचं विचारलं, तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा; जून २००९ पासून ती नोंदणी सक्तीची आहे. आईवडिलांची लेखी संमती लागतेच. मूल सात वर्षांचं झालं की त्याचंही म्हणणं विचारलं पाहिजे. मध्येच बाहेर पडलं तरी उपचार थांबणार नाहीत, हे कागदावर लिहिलेलं बघा. त्रास झाला तर रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर घेतल्याशिवाय सही करू नका.