घाट ब्रेकने उतरत नाही

मंडळी, वडाळ्याच्या या ट्रक टर्मिनसवर बसलेल्यांपैकी बहुतेकांची गाडी पंधरवड्यातून एकदा तरी बोरघाट नाहीतर कसाऱ्याचा घाट उतरतेच. म्हणून परमिट, ई-वे बिल, फास्टॅग वगैरे आज बाजूला ठेवू. आज फक्त उतार.

आधी एका शब्दाचा हिशोब करू. अपघात झाला की पंचनाम्यात लिहून मोकळे होतात, 'ब्रेक फेल'. आता एअर ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबावर ब्रेक चालणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. मागच्या एक्सलच्या चेंबरमध्ये, म्हणजे ब्रेक लावणाऱ्या हवेच्या डब्यात, दणकट स्प्रिंग असते आणि हवा तिला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप लागतो. म्हणजे पाइप फुटून हवा पूर्ण उतरली तर गाडी जागेवर चिकटायला हवी. मग घाटात सुटते ती कोणती गाडी? बऱ्याचदा जिच्या टाक्यांत हवा आहे, पेडल तळापर्यंत दाबलेले आहे, चेंबरची दांडी बाहेर आलेली आहे, पण चाकाबरोबर फिरणारे ड्रम इतके तापलेत की त्यांना आतून धरणारे लायनर नुसते घासतात, धरत नाहीत. अशा वेळी हँडब्रेक ओढून काय होणार? तोही त्याच ड्रमवर, त्याच लायनरवर लागतो.

ड्रम किती तापतो, याचा साधा हिशोब करा. दहा टायरची गाडी, २०१८ च्या नियमाप्रमाणे भरून २८.५ टन. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत ती साधारण ५०० मीटर खाली येते. उंचीवरच्या वजनात जी ऊर्जा साठलेली असते ती खाली येताना कुठेतरी जायलाच हवी. ती आहे सुमारे १४० मेगाज्यूल. एवढ्या उष्णतेत साधे नळाचे पावणेपाचशे लिटर पाणी उकळीला येईल. हे सगळे वीस मिनिटांत. म्हणजे वीस मिनिटे सतत दीडशे अश्वशक्तीचे काम. थोडा वाटा टायर खातात, थोडा समोरची हवा खाते. उरलेले एक तर इंजिन घेईल, नाहीतर तीन एक्सलचे मिळून सहा ड्रम. इंजिनला रेडिएटर आहे, पंखा आहे, पाणी आहे. ड्रमला काय आहे? रिमच्या आत कोंडलेली गरम हवा.

तापलेल्या ड्रममध्ये दोन गोष्टी एकदम बिघडतात. लायनरमधले राळेसारखे घटक जळू लागतात, त्यांचा वायू होतो आणि पकड घटते. तो करपट वास तुम्हाला ओळखीचा आहे. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ड्रम फुगतो. ४०० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर व्यास सव्वा मिलिमीटरहून थोडा जास्तच वाढतो. ऐकायला किरकोळ वाटते. पण लायनर आणि ड्रममधली फट एवढीशी वाढली तरी दांडीचा जोर लायनरपर्यंत पोचवणाऱ्या कॅम आणि स्लॅक अ‍ॅडजस्टरमधून येताना ती कितीतरी पट होते, आणि चेंबरच्या दांडीला तेवढे जास्त बाहेर यावे लागते.

दांडीला बाहेर यायला जागा किती? ३० नंबरचा चेंबर घ्या. ३० म्हणजे त्याच्या डायफ्रामचे, आतल्या रबरी पडद्याचे, क्षेत्रफळ, ३० चौरस इंच. काट्यावर ७ किलो हवा, म्हणजे साधारण १०० पीएसआय (दर चौरस इंचावर १०० पौंड दाब), असेल तर दांडीवर ३००० पौंड, अंदाजे १३६० किलो जोर येतो. ती एकूण चालते ६४ मिलिमीटरच्या आसपास. गार ड्रमवर ती ५१ मिलिमीटरच्या पुढे जात असेल तर ब्रेक अ‍ॅडजस्टमेंटच्या बाहेर गेला असे धरा. कारण घाटात ड्रम फुगला की उरलेली जागा संपते, दांडी तळाला टेकते, आणि ते १३६० किलो चेंबरच्या भिंतीवर वाया जातात. लायनरला काहीच पोचत नाही.

हे मोजायला गॅरेज लागत नाही. गाडी सपाटीवर लावा, चाकांखाली लाकडी ठोकळे द्या, हँडब्रेक सोडा. चेंबरच्या तोंडाशी दांडीवर खडूने रेघ मारा. इंजिन बंद ठेवून क्लीनरला ब्रेक दाबायला सांगा आणि रेघ किती बाहेर आली ते पट्टीने मोजा. सगळ्या चाकांना मोजा, एकालाच नको. आपोआप अ‍ॅडजस्ट होणारा स्लॅक असेल आणि तरीही माप जास्त येत असेल तर पाना लावून त्याला फिरवू नका. पाना फिरवला की चार दिवस बरे वाटते, पण बिघाड तिथेच राहतो. कॅमची बुशिंग झिजलेली असते, किंवा स्लॅकच गेलेला असतो. तो शोधा.

हवेची तपासणी त्याहून सोपी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. हवा पूर्ण भरू द्या, टाक्या भरल्याचा इशारा देणारा कटआउटचा 'फुस्स' आवाज ऐका. इंजिन बंद करा. ब्रेक पूर्ण दाबून एक मिनिट तसाच धरा. काटा ०.२ किलोपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे. मग पेडल दाबत-सोडत हवा उतरवा. ४-५ किलोच्या आसपास बझर वाजलाच पाहिजे. बझरची वायर काढून ठेवलेल्या गाड्या इथेही उभ्या असतील. आवाजाचा त्रास होतो म्हणे! टाक्यांचे ड्रेन कॉक रोज उघडा. पावसाळ्यात पाणी जास्त निघते. पाण्याबरोबर तेल आले तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या समजा. तेल एअर ड्रायरचा कार्ट्रिज खराब करते आणि पुढे व्हॉल्व्हची रबरे फुगवते.

आता गाडी उताराच्या तोंडाशी आली. गिअर इथेच पाडायचा, उतार लागल्यावर नाही. उतारावर गिअर काढलात आणि पुढचा बसला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये वेग घेते आणि मग तो गिअर बसतच नाही. तोच चढ भरलेल्या गाडीने ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, शंका असेल तर एक खाली. एक्झॉस्ट ब्रेक वरूनच चालू ठेवा. तो सायलेन्सरच्या पाइपातली झडप बंद करून इंजिनाचा श्वास कोंडतो, त्यामुळे आरपीएम जास्त असेल तेव्हाच ताकद दाखवतो. हजार आरपीएमवर तो नावापुरता असतो. काटा तांबड्या पट्ट्यात मात्र जाऊ देऊ नका, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

पेडल अर्धवट दाबून तसेच ठेवायची सवय वाईट. ड्रमला गार व्हायला क्षणही मिळत नाही. वेग ४० ला जाऊ द्या, नीट जोर लावून ३२ पर्यंत आणा, पाय पूर्ण काढा. पुन्हा ४० होईपर्यंत ड्रम वारा खातात. असे वारंवार करावे लागत असेल तर तुमचा गिअर चुकलाय. आणि हलके-हलके भराभर ब्रेक मारणे तर नकोच. प्रत्येक वेळी टाकीतली हवा जाते आणि कमी आरपीएमवर कॉम्प्रेसर ती भरून काढू शकत नाही.

न्यूट्रलबद्दल जरा थांबून बोलायला हवे. 'डिझेल वाचते' ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला आहे आणि उतार चाकांना फिरवतो आहे, तेव्हा इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचे इंजिन डिझेल पूर्ण तोडते. जुन्या पंपातही गव्हर्नर रॅक मागे घेतो, म्हणजे डिझेल आवरतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन आयडलवर चालू राहण्यासाठी पीत राहते, तासाला दोन लिटर धरा. वीस मिनिटांच्या घाटात अर्ध्या लिटरहून जास्तच जळले. आणि इंजिनच बंद केले तर कॉम्प्रेसर थांबला, पॉवर स्टिअरिंग जड झाले.

पण दोष एकट्या ड्रायव्हरच्या माथी मारू नये. ट्रिपला डिझेल मोजून द्यायचे आणि 'वाचेल ते तुझे' म्हणायचे, ही पद्धतच त्याला न्यूट्रलकडे ढकलते. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली. भाड्याच्या हिशोबात ती कुणी धरली? बंगळूरहून निघून तिसऱ्या रात्री खंडाळ्याच्या तोंडाशी आलेल्या माणसाला गिअर आधी पाडायचे सुचणे हे झोपेवर अवलंबून असते. मालक मंडळींनी डिझेलचा इनाम बंद करून लायनर जास्त दिवस टिकवण्यावर इनाम लावून पाहावा. इंजिनने घाट उतरणाऱ्याचे लायनर टिकतात, हे बिलात दिसेल.

याच घाटात रेल्वे १८६३ पासून उतरते, ३७ ला १ अशा उतारावर, म्हणजे ३७ फुटांत १ फूट खाली. तिथे सुटलेली गाडी चढावर वळवून थांबवायला कॅच सायडिंग ठेवली आहेत. आपल्याला प्रत्येक वळणावर तशी सोय नाही. गाडी ऐकत नाही असे कळल्याक्षणी डोंगराकडच्या भिंतीला कड घासत न्या, दरीकडे नाही. वेग कमी असतानाच हे जमते.

खाली खोपोलीला पोचलात. ड्रमवर पाणी मारू नका, तापलेल्या बिडाला तडा जातो. लगेच हँडब्रेकही ओढू नका. फुगलेला ड्रम गार होताना आकसतो आणि लायनरवर आवळून बसतो. गाडी सपाटीवर घेऊन ठोकळे लावा. मग हाताची पालथी बाजू प्रत्येक चाकाजवळ धरून फिरा, ड्रमला हात न लावता. पाच चाकांतून धग येते आहे आणि एक गार आहे, असे असेल तर त्या गार चाकाशी वाकून बघा. त्याने अख्ख्या घाटात काही कामच केले नाही, त्याचा भार बाकीच्या पाचांनी उचलला.