मिल लॅक्सवर गरवताना

नमस्कार मंडळी. मागच्या वेळी म्हटलं होतं ना, उन्हाळा लागला की मासे गरवण्यावर बोलू, तर आज बोलूया वॉलायबद्दल. मिनेसोटात राहून वॉलाय माहीत नाही असं कोणी नसेल, १९६५ पासून तो आपल्या राज्याचा मासा आहे, आणि गॅरिसनला हायवे १६९ वरून जाताना मिल लॅक्स तळ्याच्या काठी त्याचा तो मोठा पुतळा दिसला की पोरं गाडी थांबवायलाच लावतात.

आता प्रश्न असा की मे महिन्यात काठाजवळ मिळणारा हा मासा जून संपत आला की जातो कुठे? तर कारण त्याच्या डोळ्यांत आहे. पडद्यामागे चकाकणारा एक थर असतो, मांजराच्या डोळ्यात असतो तसाच, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला छान दिसतं पण भर ऊन नको वाटतं. म्हणून पहाट, संध्याकाळ, ढगाळ दिवस, आणि हो, वारा. पाणी खळबळलं की ऊन खाली कमी पोचतं, इथले लोक त्या खळबळीला वॉलाय चॉपच म्हणतात. आरशासारखं शांत पाणी फोटोला छान, गरवायला नाही. त्यात मिल लॅक्समध्ये २००५ मध्ये झेब्रा मसल, म्हणजे ते परके शिंपले, सापडले आणि तेव्हापासून पाणी आणखीच नितळ झालंय, म्हणजे ऊन आणखी खोल पोचतं. हे शिंपले बोटीतून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. यावरून एक सांगते, विषय जरा बाजूला जाईल पण सांगतेच: तळ्यातून बोट काढली की ड्रेन प्लग, म्हणजे बोटीच्या तळाचं बूच, काढा, पाणी सगळं सांडा, अडकलेलं शेवाळ हाताने काढा. कायदा आहेच हो, पण कायद्यासाठी नको, पुढच्या तळ्यासाठी करा. मला याबाबतीतला आळस अजिबात सहन होत नाही.

तर उजेड आणि वारा झाला. तिसरी गोष्ट म्हणजे कड. खडी संपून चिखल लागतो ती कड, पाणवनस्पतींची बाहेरची कड, चिखलाचा उंचवटा खोल पाण्यात उतरतो ती कड. वॉलाय कडेला असतो. परत सांगते, आधी तळ शोधा, मासा नंतर.

हे मला कोणी शिकवलं माहितीये? आमच्या बाबांनी. बाबा मालवणचे, आयुष्यभर खडकावर बसून गरी टाकलेली, काठीबिठी काही नाही, नुसता दोर हातात. एका जूनच्या शेवटी ते इकडे आले होते, त्यांचं मासे धरायचं ७२ तासांचं लायसन्स काढलं, बोट भाड्याने घेतली आणि निघालो. मिल लॅक्स म्हणजे १ लाख ३२ हजार एकर पाणी, पलीकडचा काठ नीट दिसत नाही. बाबा आधी वाकले, ओंजळीत पाणी घेतलं आणि चाखलं. "गोड्या आसा," म्हणाले, आणि बराच वेळ बघतच राहिले.

दुपारभर मी फिशफाइंडरच्या, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, स्क्रीनकडे बघत बोट फिरवतेय आणि एक मासा नाही. आम्ही लिंडी रिग, म्हणजे गळ-शिशाची एक जुळणी, लावली होती, आपल्या ब्रेनर्डच्या लिंडनर बंधूंनी पुढे आणलेली, अगदी साधी: लाईनवर सरकणारं शिसं, मग चार-पाच फूट बारीक लाईन, टोकाला छोटा गळ आणि त्याला जळू, चोषकाच्या बाजूने टोचलेली म्हणजे ती पोहत राहते. शिसं तळाला लागून सरकतं आणि बोट चालायच्या वेगापेक्षाही हळू. बाबांनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि लाईन नुसती तर्जनीवर घेतली, डोळे मिटून बसले, मला वाटलं झोप लागली. आणि एकदम म्हणाले, "थांब गो चेडवा. चिखल सरलो, खडी लागली."

मंडळी, स्क्रीनवर मला काहीच वेगळं दिसत नव्हतं. त्यांनी लाईन माझ्या बोटावर ठेवली. चिखलात शिसं ओढल्यासारखं जड सरकतं, आणि खडीवर टिक टिक टिक, बोटाला चक्क कळतं! मग आम्ही तीच कड धरली, वीस-बावीस फूट खोल, नागमोडी. वारा सुटला होता, ऊन उतरत होतं, आणि दहा मिनिटांत बाबांच्या लाईनला ओढ लागली. त्यांनी समुद्रावर देतात तसा हिसका दिला, गेला मासा. दुसराही तसाच गेला. तेव्हा मी म्हटलं, बाबा, हा मासा आधी नुसता तोंडात धरतो, लाईन सोडा, दहा आकडे मोजा, ढील गुंडाळा आणि मगच काठी हळूच मागे घ्या. हेही परत सांगते, लाईन सोडा, दहा मोजा. तिसऱ्या वेळी बाबा मालवणीत मोठ्याने दहा मोजत होते, आणि मासा आला, सोनेरी, हातभर लांब.

त्या वर्षी तिथे वॉलाय सोडून द्यायचा नियम होता. मिल लॅक्सचे नियम दर वर्षी बदलतात, कधी हंगामातसुद्धा, निघायच्या आधी बघाच. जिथे घरी न्यायची परवानगी असेल तिथला मासा आणा, पण त्याला वाटणात बुडवू नका हो, गोड्या पाण्याचा नाजूक मासा, मीठ, हळद, आगळ आणि रव्यात तळा, बस. आणि तिकडे गेलात की ओनेमियाचं ओजिब्वे लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, म्युझियम बघून या, ते या माशाला ओगा म्हणतात, आपल्याआधी कितीतरी पिढ्या ते या तळ्यावर जगलेत.

तर, सोडायचा म्हटल्यावर बाबा जरा हिरमुसले. पण त्यांनीच तो पाण्यात धरला, दोन्ही हातांनी, पोटाखालून. नऊ वाजून गेले होते, अंधार पडत आला होता, मी टॉर्च मारला तर त्याचा डोळा निखाऱ्यासारखा चमकला. बाबा म्हणाले, "बघ, माका बघता." मग शेपटी हलली, आणि कितीतरी वेळ बाबांनी हात पाण्यातून काढलेच नाहीत.