डॉलर रोजाची पोरं आणि आपली पिकनिक

नमस्कार मंडळी! उन्हाळा लागला की इथल्या, म्हणजे अमेरिकेत न्यू जर्सीतल्या, मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच चर्चा, यंदा पिकनिक कुठे? आणि गाडी शेवटी समुद्रावरच जाते. आज जरा जंगलात चला. एडिसनहून दक्षिणेला दीड-दोन तासांवर, सेलम काउंटीत, पार्विन स्टेट पार्क. स्टेट पार्क म्हणजे राज्य सरकारचं. यलोस्टोनसारखी नॅशनल पार्क केंद्राकडे असतात.

(कॅमेरा पाण्याच्या जवळ)

हे पाणी बघा. कोऱ्या चहासारखं तांबूस. घाण नाही हं! आपण पाइन बॅरन्सच्या, म्हणजे दक्षिण न्यू जर्सीतल्या पाइनच्या मोठ्या जंगलाच्या, कडेला आहोत. इथल्या झाडपाल्यातलं टॅनिन आणि मातीतलं लोह पाण्यात उतरतं, म्हणून हा रंग.

आता थंडरगस्ट तलावाकाठच्या या केबिन. कुणी बांधल्या? बेकार पोरांनी. महामंदीत, 1933 साली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कॉर्प्स काढली, म्हणजे बेकार तरुणांना जंगलांत आणि पार्कांत काम देणारी सरकारी योजना. वय साधारण 18 ते 25, लग्न झालेलं नको. राहणं-जेवण फुकट, पगार महिना 30 डॉलर, आणि त्यातले 25 थेट घरी जायचे. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव खोदले, रस्ते केले, तसलाच प्रकार. फक्त आपल्या कामांवर बायका मोठ्या संख्येनं होत्या. इथे त्यांना दारच बंद. काळ्या मुलांचे कॅम्पही बहुतेक वेगळे. योजनेचं कौतुक करताना हे सहसा कुणी सांगत नाही.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. महायुद्ध आलं, 1942 मध्ये योजना गुंडाळली. पण पार्विन ओस पडलं नाही. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या लोकांना सरकारनं घरातून उठवून छावण्यांत ठेवलं होतं. त्यातले दोन तृतीयांश तर जन्मानं अमेरिकी नागरिक! अशा विस्थापित कुटुंबांच्या मुलांसाठी 1943 मध्ये इथे उन्हाळी शिबिर झालं. आणि 1944 मध्ये इथे आले जर्मन युद्धकैदी. त्यांना आसपासच्या शेतांवर कामाला नेत. त्याच सुमारास जवळच्या सीब्रुक फार्म्समध्ये छावण्यांतून आलेली जपानी-अमेरिकी माणसं भाज्या गोठवण्याच्या कामावर राबत होती. म्हणजे शत्रूचे सैनिक आणि देशाचेच नागरिक, एकाच पट्ट्यात, दोघंही सरकारच्या हुकमानं घरापासून लांब.

1952 मध्ये आले काल्मिक. व्होल्गाच्या खोऱ्यातले मंगोल वंशाचे बौद्ध लोक, युद्धात देशोधडीला लागून जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत अडकलेले. पार्विन हा त्यांचा तात्पुरता आसरा. त्यांच्यातले बरेच जण मग न्यू जर्सीतल्याच हॉवेलला स्थिरावले आणि तिथे त्यांनी बौद्ध मंदिरं उभारली. हॉवेल-फ्रीहोल्डकडच्या मराठी मंडळींनो, तुमच्या अगदी शेजारचा इतिहास आहे हा.

असो, आता कामाचं. केबिन हवी असेल तर बुकिंग लवकर करा, उन्हाळ्यात पटापट भरतात. कणसं, कोळसा, लिंबू-तिखट-मीठ घरूनच न्या. कचऱ्याचे डबे शोधत बसू नका. इथल्या स्टेट पार्कांत आपला कचरा आपणच परत न्यायचा असतो, तेव्हा मोठ्या पिशव्या ठेवा. आणि दारू चालत नाही. ग्रुपवर त्यावरून वाद सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलं!